पहिलं माप बसून

आमच्या विभागातल्या मावशींच्या उजव्या कानाच्या पाळीपासून खांद्याच्या टोकापर्यंतचं अंतर अकरा सेंटिमीटर आहे. हात खाली सोडलेला असताना. त्या हात समोरून वर न्यायला लागल्या की तो तीस अंशही चढलेला नसतो आणि ते अंतर सातवर येतं. म्हणजे हात वर गेलेला नसतो, खांदा कानाकडे गेलेला असतो. लांबून बघणाऱ्याला मात्र वाटतं की हात उचलला. आमच्याकडे याला चोर हालचाल म्हणतात. शरीर ती मुद्दाम करत नाही. एका स्नायूला जमत नाही म्हणून ते शेजारच्याला कामाला लावतं, एवढंच.

आमच्या विभागाचं तसं नाही. तो मुद्दाम करतो.

फिजिओथेरपीचा हा विभाग रुग्णालयाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून आहे. एक लांबट हॉल, पडद्यांनी पाडलेले सहा कप्पे, प्रत्येकात एक बेड आणि एक स्टूल. कोपऱ्यात शेकाच्या पिशव्या गरम ठेवायची स्टीलची टाकी. भिंतीवर खांद्याच्या व्यायामाचं मोठं चाक आहे, ते गेल्या चार वर्षांत फक्त फोटोसाठी फिरलं. मान, कंबर, गुडघा, खांदा यांपैकी काहीतरी धरून माणसं येतात आणि बाहेरच्या बाकावर बसून समोरची चौकट वाचतात. काचेमागे ठळक अक्षरांत लिहिलंय : ‘खांद्याच्या हालचालीत सरासरी सुधारणा ८७ अंश.’ खाली विभागप्रमुखांचा फोटो. वाचून लोकांना बरं वाटतं. फोटोतल्या माणसालाही वाटत असावं, तसा चेहरा आहे.

हे सत्त्याऐंशी अंश येतात कुठून ते सांगते. खांदा किती वर जातो ते आम्ही गोनिओमीटरने मोजतो. प्लास्टिकच्या दोन पट्ट्या, मध्ये रिव्हेट, भोवती अंश लिहिलेली तबकडी. मावशी त्याला कात्री म्हणतात. पेशंट पहिल्या दिवशी येतो तेव्हा त्याला स्टुलावर बसवून माप घेतलं जातं. उपचार संपतात त्या दिवशी वीस मिनिटं शेक दिल्यावर, बेडवर उताणं झोपवून, त्याच्या कोपराखाली आपला हात देऊन माप घेतलं जातं. पहिलं माप बसून, शेवटचं झोपून. बसलेल्या माणसाला स्वतःच्या हाताचं तीनेक किलो वजन स्वतः उचलावं लागतं. झोपलेल्या माणसाचा हात एकदा सरळ छताकडे गेला की पुढे तो आपल्याच वजनाने डोक्याकडे कलतो. कोणाचाही कलतो, बेशुद्ध माणसाचाही. त्यामुळे बसून साठ अंश येणारा खांदा झोपून दीडशेच्या पुढे जातो. यातला एकही आकडा खोटा नाही. खोटी आहे ती फक्त मधली वजाबाकी.

ही पद्धत विभागप्रमुखांनी काढली असती तर मला सोपं गेलं असतं. ती मी काढली. अकरा वर्षांपूर्वी मी इथे नवीन होते आणि रोज चाळीस पेशंट असायचे. नवा माणूस बाहेरून येऊन स्टुलावर टेकायचा, त्याचं माप तिथेच घ्यायचं. शेवटच्या दिवशी तो शेक घेत बेडवर पडलेलाच असायचा, मग त्याला उठवून बसवण्यात दोन मिनिटं कशाला घालवा? प्रत्येक मापापुढे मी कंसात ‘बसून’ आणि ‘झोपून’ लिहायचे. मला वाटायचं, लिहिलं म्हणजे झालं. सहा महिन्यांनी विभागप्रमुखांनी आकडे एकत्र करून आलेख काढला आणि मला बोलावून माझं कौतुक केलं. त्याच आठवड्यात माझी नोकरी कायम होणार होती. मी कंसाबद्दल काही बोलले नाही. पुढे छापील फॉर्म आला, त्यात ते दोन शब्द बारीक अक्षरांत होते. त्यानंतरच्या छपाईत रुग्णालयाचं बोधचिन्ह मोठं झालं आणि जागेअभावी ते दोन शब्द गेले.

‘मापनपद्धतीत बदल करण्याबाबत’ या विषयाचा अर्ज मी तीनदा टाइप केला. तिन्ही माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत, स्टेपलरच्या पिनांखाली. पहिल्या वेळी बढतीची मुलाखत आली. दुसऱ्या वेळी माझ्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन याच रुग्णालयात व्हायचं होतं. तिसऱ्या वेळी काही कारण नव्हतं. तोपर्यंत मला न बोलण्याचा सराव झाला होता, आणि सराव चांगला असला की काहीही सहज जमतं. दिवसातून वीस वेळा मी पेशंटना हेच सांगत असते.

एकदा एक रंगारी आला होता. शिडीवर चढून छतं रंगवणारा, खांद्याची शीर, म्हणजे स्नायू हाडाला बांधून ठेवणारा पट्टा, फाटलेला. आम्ही त्याला झोपवून एकशे पंचावन्न अंश दिले. आनंदाने गेला. तीन महिन्यांनी परत आला तेव्हा शीर पूर्ण तुटली होती. आमच्याकडे परत आलेल्या माणसाचा नवा कागद निघतो. नवा कागद म्हणजे नवं पहिलं माप, बसून. पुन्हा सहा आठवडे, पुन्हा झोपून एकशे चाळीस. तो रंगारी आमच्या सरासरीत दोनदा सुधारला. घरी तो डाव्या हाताने जेवतो, हे मांडायला आलेखात रकाना नाही.

विभागप्रमुखांना सगळे सर म्हणतात. त्यांच्या माघारी मावशी त्यांना टक्केसाहेब म्हणतात, कारण ‘बरे आहात ना’ असं विचारलं तरी ते ‘नव्वद टक्के’ म्हणतात. सरांनी गोनिओमीटर हातात धरलेला मी दोनदा पाहिला आहे. एकदा उद्घाटनात आणि एकदा पाठ खाजवताना.

मावशी विभागात बावीस वर्षं आहेत. पेशंटला व्हीलचेअरवरून बेडवर आणि बेडवरून व्हीलचेअरवर घ्यायचं, शेकाच्या पिशव्या चिमट्याने काढून टॉवेलात गुंडाळायच्या, चादरी बदलायच्या, ही त्यांची कामं. शिवाय रागावणं. एका गृहस्थांनी कंबर दुखते म्हणून पाय हलवायला नकार दिला, तेव्हा मावशींनी त्यांच्या बायकोला त्यांच्यादेखत विचारलं की हे घरीही असेच पडून असतात की इथे आल्यावर शिकले. गृहस्थांनी पाय हलवला.

मावशींचा खांदा गेला तो एका फोटोपायी. रुग्णालयाच्या माहितीपुस्तिकेसाठी ‘पेशंटला सुरक्षितपणे कसं उचलावं’ हे दाखवायचं होतं. पेशंट शंभर किलोच्या पुढचा. दोन माणसांनी, पट्टा लावून, गुडघे वाकवून उचलायचं असतं. सरांना फोटोत पट्टा नको होता, तो बेंगरूळ दिसतो म्हणाले. खिडकीच्या बाजूला उजेड चांगला म्हणून मावशींना चुकीच्या बाजूने उभं केलं आणि तीनदा उचलायला लावलं. तिसऱ्यांदा त्यांच्या खांद्यात काहीतरी फाटलं. फाटल्याचा आवाज मला कप्प्याबाहेर ऐकू आला असं मी म्हणणार नाही. तसा आवाज येत नसतो. मला ऐकू आलं ते मावशींचं गप्प होणं. तो फोटो आता पुस्तिकेच्या चौथ्या पानावर आहे. मधोमध सर पेशंटच्या खांद्यावर हात ठेवून हसताहेत. डाव्या कडेला मनगटापर्यंत एक हात आलाय, तो मावशींचा.

“हात तेवढा अमर झाला,” मावशी म्हणाल्या, “बाकीची मी अजून ड्युटीवर.”

तपासणीत खांद्याची शीर अर्धी फाटलेली निघाली. उचलण्याचं काम बंद झालं, आमच्याकडेच उपचार सुरू झाले, आणि मावशींनी चादरींच्या खोलीत बदली मागितली. तिथे घड्या घालायच्या, मोजून द्यायच्या, जड काही नाही. नियम असा की उपचार संपल्यावरचं शेवटचं माप नव्वद अंशांच्या खाली असेल तर कायमचं हलकं काम मिळतं. नव्वदच्या वर असेल तर माणूस तंदुरुस्त, पूर्वीच्या कामावर हजर. पूर्वीचं काम म्हणजे दिवसाला पंचवीस-तीस पेशंट उचलणं. उरलेली अर्धी शीर त्यात किती टिकेल याचा अंदाज मला आहे. दोन महिने, फार तर तीन. एकदा ती तुटली की मावशी त्या हाताने स्वतःची वेणी घालू शकणार नाहीत. आणि ती तुटेल त्या क्षणी त्यांच्या हातात कोणीतरी पेशंट असेल.

सहा आठवडे मी त्यांच्यावर मन लावून काम केलं. पहिलं माप बसून बावन्न अंश होतं. सहाव्या आठवड्यात मी जेवणाच्या सुट्टीत, कोणी नसताना, पुन्हा बसवून मोजलं. अडुसष्ट. सोळा अंश वाढले होते, मला ते कमी वाटले नाहीत. सोळा अंशांत बाई स्वतःची स्वतः पोलक्याची बाही चढवू शकते. पण सोळा अंश काचेमागे लावत नाहीत.

त्या सोमवारी सरांनी मला बोलावून सांगितलं की शुक्रवारी मानांकनाची समिती येतेय, तीन जण. त्यांच्यासमोर एक जिवंत उदाहरण ठेवायचं. आणि आपल्याच विभागातला कर्मचारी, आपल्याच विभागात बरा झालेला, याहून चांगलं उदाहरण कुठलं? मावशींचं शेवटचं माप समितीसमोर घ्यायचं, आणि पुढच्या सोमवारी त्या कामावर हजर. हे सांगताना ते इतके खूश होते की मावशींना दुखापत कशी झाली हे ते खरोखर विसरले असावेत. मी म्हटलं की त्यांची ताकद अजून आलेली नाही. सर म्हणाले, ताकदीचं समिती विचारत नाही, समिती अंश विचारते. मग त्यांनी मला चहा विचारला. मी चहा घेतला. हेही सांगायला हवं.

गुरुवारी संध्याकाळी हॉल रिकामा झाल्यावर मावशी टाकीजवळच्या स्टुलावर बसल्या होत्या. डाव्या हाताने टॉवेलांच्या घड्या घालत होत्या, उजवा मांडीवर ठेवलेला. त्यांना सगळं कळलं होतं. रुग्णालयात बातम्या चादरींबरोबर फिरतात.

“मग उद्या मला झोपवणार ना, बाई?” त्यांनी मान वर न करता विचारलं. चारचौघांत त्या मला मॅडम म्हणतात, एकटीला बाई.

मी गोनिओमीटर पुसत उभी राहिले.

“शेकाची पिशवी मीच काढून ठेवते मग. दुसरं कोणी काढलं तर धड निथळत नाही, पाठ भाजते.” त्यांनी एक टॉवेल झटकला. “अकरा वर्षं लोकांना झोपवतेय. बसवून रडवायचं, झोपवून हसवायचं. रंगाऱ्यालाही मीच म्हटलं होतं, झोपा दादा, आता बघा हात कसा जातो. गेला हो हात. आता माझी पाळी.”

तेव्हा मी ते बोलले, ज्याची मला अजून लाज वाटते. मी आदल्या रात्रीपासून ते मनात घोळवत होते आणि मला ते हुशारीचं वाटत होतं. मी त्यांना समजावून सांगितलं की उद्या झोपवल्यावर मी हात वर न्यायला लागले की ऐंशीला पोचताच त्यांनी जोरात कळवळायचं. हात ताठ धरायचा, पुढे जाऊ द्यायचा नाही. दुखत असेल तर माप तिथेच थांबवावं लागतं, तसा नियमच आहे. मी ऐंशी लिहीन. नव्वदच्या आत. कोणाला काही बोलायची गरज पडणार नाही.

मावशींनी टॉवेल बाजूला ठेवला. मग माझ्याकडे बघितलं. कंबर दुखते म्हणून पाय न हलवणाऱ्या गृहस्थांकडे त्यांनी असंच बघितलं होतं.

“म्हणजे हात माझा खरंच मोडलाय,” त्या म्हणाल्या, “आणि नाटकही मीच करायचं?”

“मावशी, तसं नाही—”

“तसंच आहे. माझा हात वर जात नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, त्या कात्रीलाही ठाऊक आहे. मी काही बोलले तर म्हणतील, कामचुकार आहे. तुमच्या तोंडाला काय झालंय? शीर माझी फाटली, जीभ तुमची का उचलत नाही?”

त्यांचा आवाज चढला नव्हता. पेशंटला कुशीवर वळा म्हणून सांगावं तशा त्या बोलत होत्या. मी म्हटलं की हे अकरा वर्षांचं आहे, एका मावशींचं नाही, एकदा तोंड उघडलं की सगळंच काढावं लागेल, सगळे कागद, तो रंगारी, भिंतीवरचा आकडा, आणि पहिला कागद माझ्या अक्षरातला आहे.

“आहे ना,” मावशी म्हणाल्या. “मला माहीत आहे. टाचणीने टोचून मीच लावलाय तो फायलीला.” मग उठताना त्यांनी सवयीने उजवा हात स्टुलावर टेकवला, ओठ आवळले आणि डावा टेकवला. “तुम्ही काय ठरवाल ते आज नका सांगू. उगीच आशा लागते, मग रात्री खांदा जास्त ठणकतो.”

टाकीचं बटण बंद करून त्या गेल्या.

शुक्रवारी अकराला समिती आली. तिघांपैकी एक बाई होत्या, त्यांच्या टाचा दुखत असाव्यात, कारण त्या आल्या आल्या बसायला जागा शोधत होत्या. दुसरे सदस्य जाडसर फाइल उघडून त्यात खुणा करत होते. तिसरे फोनवर कोणाला तरी पार्किंगबद्दल सांगत होते. सरांनी त्यांना चौकट दाखवली, चाक दाखवलं, स्वतःच्या हाताने फिरवूनही दाखवलं. चाक किरकिरलं. मग सगळे तिसऱ्या कप्प्याशी आले.

मावशी बेडवर उताण्या पडल्या होत्या. खांद्याखाली शेकाची पिशवी ठेवून वीस मिनिटं झाली होती, सरांनी घड्याळ लावायला सांगितलं होतं. पायाशी चादरीला सुरकुती पडली होती, ती मावशींनी पडल्या पडल्या टाचेने सरळ केली. मग छताकडे बघत राहिल्या. माझ्याकडे बघितलं नाही.

सर बोलायला लागले. आपलाच कर्मचारी, कामावर असताना दुर्दैवाने झालेली इजा, सहा आठवड्यांचा शास्त्रशुद्ध उपचार. सुरुवातीचं माप केवळ बावन्न अंश. “केवळ” हा शब्द त्यांनी अशा आवाजात म्हटला की फोनवाले सदस्य फोन ठेवून बघायला लागले. “आणि आता आपल्या डोळ्यांदेखत,” सर म्हणाले, “मॅडम, घ्या.”

मी पिशवी काढून बाजूला ठेवली. मावशींचा खांदा लाल आणि मऊ झाला होता. गोनिओमीटरची मधली रिव्हेट खांद्याच्या सांध्यावर ठेवली, एक पट्टी बरगड्यांच्या रेषेत, दुसरी दंडाच्या. माझा डावा हात त्यांच्या कोपराखाली गेला. हे मी इतक्या वेळा केलंय की हात आपोआप जातो. त्यांचा हात मी उचलायला लागले आणि तो उचलला गेला. काहीही अडलं नाही. चाळीस, साठ. मावशी कळवळल्या नाहीत. हात ताठ धरला नाही. त्यांनी हात पूर्ण सैल सोडला होता, अगदी आम्ही पेशंटना शिकवतो तसा. सगळं वजन माझ्या तळहातावर होतं. तीन किलो.

सत्तर. ऐंशी. फाइलवाले सदस्य पेन उघडून थांबले.

“बघा, बघा,” सर म्हणाले.

आणखी थोडं वर नेलं असतं तर हात छताकडे सरळ उभा राहिला असता, आणि त्यापुढे मला काहीच करावं लागलं नसतं. तो आपला आपण गेला असता. मी खाली बघितलं. उताणं झोपल्यावर कान आणि खांदा यांच्यामधलं अंतर बदलत नाही. अकराच्या अकरा सेंटिमीटर. चोर हालचाल कुठेच दिसत नव्हती, कारण आता ती मावशी करत नव्हत्या.

मी त्यांचा हात सावकाश खाली आणून चादरीवर ठेवला. गोनिओमीटर मिटला.

“काय झालं, मॅडम?” सर हसत म्हणाले. “आकडा?”

मावशींनी मान वळवली.

“हा आकडा मी देणार नाही,” मी म्हटलं. “मावशी, उठून बसा. पहिलं माप बसून घेतलं होतं, शेवटचंही बसूनच घ्यायचं. ते अडुसष्ट येईल. आणि सर, बाहेरचे सत्त्याऐंशी अंश काढून ठेवा. अकरा वर्षं मी लोकांना बसवून मोजलंय आणि झोपवून बरं केलंय. ते चुकीचं आहे, ते मी सुरू केलं, आणि आजपासून मी ते करणार नाही.”